जिन्याखालच्या कपाटाचे डबे

आईच्या फुप्फुसात पाणी झालं तेव्हा मी सहावीत होते. ऐंशी सालाच्या आगेमागची गोष्ट. आम्ही बोईसरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका दुमजली चाळीत तळमजल्यावर राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्र्याचं काम करायचे. यंत्रांवरची झाकणं, हवेचे मोठाले पाइप, वाफेच्या नळ्यांवरची आवरणं, सगळं त्यांच्या हातचं. कराडजवळच्या गावाहून ते आधी एकटे इकडे आले, दोन वर्षांनी आईला आणलं, आणि मग मी झाले.

पावसाळा संपत आला तरी आईचा खोकला जाईना. पालघरच्या डॉक्टरांनी पाठीतून सुईनं पाणी काढलं, बरेच महिने घ्यायची औषधं लिहून दिली आणि अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं की हिला धूर, ओल आणि दगदग यांपासून लांब ठेवा. आमच्या खोलीत तिन्ही गोष्टी होत्या. मामा येऊन आईला माहेरी घेऊन गेला. माझी शाळा बुडू नये म्हणून मी अण्णांजवळ राहिले.

निघायच्या आधी आईनं मला स्वयंपाकघरात बसवून काय कुठं आहे ते सांगितलं. मीठ कुठल्या डब्यात, हळद कशाच्या मागं, डाळीच्या डब्याचं झाकण कसं फिरवून काढायचं. मी हो हो म्हणत होते. खरं तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्याच मी बघत होते. ती गेली आणि मला एकही डबा आठवेना.

आमचं कपाट साधं नव्हतं. वरच्या मजल्याचा जिना आमच्या स्वयंपाकघरावरून जायचा, आणि जिन्याच्या पोटाखाली उरलेल्या जागेला घरमालकानं फळ्यांची दोन दारं लावून दिली होती. डावीकडे कपाट माझ्या डोक्याइतकं उंच, आणि तिथून जिन्याच्या उतारानं खाली येत येत उजव्या टोकाला जेमतेम वीतभर. आत दोन फळ्या. त्यांवर आईचे डबे: वनस्पती तुपाचे, बिस्किटांचे, दुधाच्या भुकटीचे, लोणच्याच्या काचेच्या बरण्या, सगळे गोल आणि कुणाचा कुणाला मेळ नाही. वर कुणी जिना चढलं की आत झाकणं थरथरायची. दार उघडलं की काहीतरी घरंगळून यायचंच. आई दार उघडताना आधी गुडघा पुढं लावायची, एका हातानं पडणारा डबा झेलायची आणि दुसऱ्या हातानं हवा तो काढायची. हे सगळं ती कढईकडं बघत बघत करायची.

अण्णांना आणि मला ते जमेना. पहिल्या आठवड्यात आम्ही पिठलं-भात खाल्ला, कारण बेसन आणि तांदूळ सापडले होते. शेजारच्या काकू अधूनमधून भाजी द्यायच्या. एकदा अण्णांनी बेसन समजून तांदळाच्या पिठाचं पिठलं केलं. ते पांढरंशार झालं आणि आम्ही मुकाट्यानं खाल्लं. मग एका रविवारी दुपारी त्यांनी गूळ शोधायला दार उघडलं आणि वरच्या फळीवरून लिंबाच्या लोणच्याची बरणी खाली आली. आईनं आजारी असताना, धाप लागत असताना घातलेलं ते लोणचं होतं. फरशीभर खार पसरला. अण्णा खाली बसून काचा वेचू लागले. मीही वाकले तर मला म्हणाले, तू लांब हो. त्यांच्या अंगठ्याला काच लागली, त्यात खार गेला, पण त्यांनी हात धुतला नाही. सगळ्या काचा निघेपर्यंत वेचत राहिले. मग पाय पसरून तिथंच बसले आणि उघड्या कपाटाकडं कितीतरी वेळ बघत होते.

"एवढ्या जागेत ती बारा वर्षं कशी वावरली असंल गं?" ते म्हणाले.

त्यांनी उठून कामाच्या पिशवीतली पोलादी पट्टी काढली आणि कपाटाचं माप घ्यायला सुरुवात केली.

पुढचे तीन महिने आमचे सगळे रविवार त्या कामात गेले. वाण्याकडून अण्णांनी तेलाचे रिकामे चौकोनी डबे आणले, सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतले, राखेनं घासले आणि कापून त्यांचा सपाट पत्रा केला. पत्र्याला हात लावण्याआधी प्रत्येक डबा पुठ्ठ्याचा करून बघायचा, हा त्यांचा नियम. माझ्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे, चपलांची खोकी, सगळं त्यात गेलं. पुठ्ठ्याचा डबा कपाटात सरकवायचा, शेजारच्याला लागतो का बघायचं, वर जिन्याला किती जागा उरते ते बोटानं मोजायचं, मग पुठ्ठा उलगडून पत्र्यावर ठेवायचा आणि खिळ्यानं रेघ मारायची. रेघ मारायचं काम माझं. शाळेत त्याच वर्षी समांतर रेषा शिकवत होते. बाई फळ्यावर काढायच्या त्या रेषा मला कळायच्या नाहीत. अण्णांच्या पत्र्यावर मात्र पहिल्याच दिवशी कळल्या.

व्हरांड्यात शेगडी पेटवून ते बसायचे. कातरीनं पत्रा कापायचा, लोखंडी कोनावर ठेवून लाकडी हातोडीनं दुमडायचा, शेगडीत तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यानं सांध्यांवर कथील सोडायचं. प्रत्येक कड आत वळवून बंद करायची. कड वळवली की ते तिच्यावरून आपलं मनगट फिरवायचे, आतल्या बाजूनं, जिथं कातडी मऊ असते. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की इतक्या वर्षांच्या पत्र्याच्या कामानं त्यांच्या बोटांना आता बारीक धार कळत नाही. आणि तुझ्या आईचे हात तर रोज यात जाणार.

कपाटाच्या उताराखाली बसणारे डबे सगळ्यात अवघड. त्यांच्या माथ्याला जिन्यासारखा उतार, म्हणून झाकण वर न ठेवता पुढं, बिजागरी लावून खाली उघडणारं. शेवटच्या कोपऱ्यात बसणारा डबा तर तिकोनी. तो तीनदा बिघडला. चौथ्यांदा तो सरकवला तेव्हा कोपऱ्यात असा बसला की मागं काडी जाईना. अण्णा उठून उभे राहिले, चार पावलं मागं गेले आणि मला म्हणाले, आता चहा टाक.

आईला यातलं काही कळवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. दर पंधरवड्याला अण्णा पत्र टाकायचे. ते मामाच्या नावानं जायचं आणि मामा आईला वाचून दाखवायचा. मी खाली दोन ओळी लिहायचे, की आम्ही बरे आहोत, तू काळजी करू नकोस, इथं एक गंमत चालली आहे.

डबे झाले बावीस. सगळे एकाच चमकत्या पत्र्याचे, प्रत्येकाला पुढं ओढायला एक कडी, एकाला एक चिकटून, दार उघडल्यावर पुस्तकांच्या रांगेसारखे दिसणारे. अण्णांनी कारखान्याच्या भांडारासारखी रचना लावली. धान्यं एका बाजूला, डाळी एकीकडे, पिठं एकीकडे, मसाले एकीकडे, जिथल्या तिथं. मग लाल तेलरंगाची डबी आणली आणि नावं घालायचं काम मला दिलं. माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. मी प्रत्येक अक्षराला वळण देत, जोडाक्षरं नीट सांभाळत, चार संध्याकाळ बसून नावं काढली. साखर, रवा, पोहे, तूर, मोहरी. जुने गोल डबे भंगारवाल्याला दिले. ते देताना आम्हाला दोघांनाही हलकं वाटलं.

होळी झाली आणि आई आली. अंग भरलं होतं, खोकला नव्हता. तिनं पिशवी ठेवून पाय धुतले तेवढ्यात अण्णांनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दोन्ही दारं एकदम उघडली. काहीच घरंगळून आलं नाही. आई बघत उभी राहिली. मग पुढं होऊन तिनं एका डब्यावरून हात फिरवला, कडेवरून बोट नेलं, तिकोनी डबा बाहेर काढला आणि परत बसवला.

"तुम्ही केलंत हे सगळं?" तिनं विचारलं.

अण्णा म्हणाले, आम्ही दोघांनी. आणि नावं हिनं घातली. आईनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. मला जवळ घेतलं. मला आठवतं, ती त्या लाल अक्षरांकडं बघत राहिली, आणि मला वाटलं तिला ती फार आवडली.

दुसऱ्या दिवसापासून आई आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरू लागली. मी अभ्यासाला बसले की आतून हाक यायची, जिरं दे गं जरा काढून. मी म्हणायचे, लिहिलंय की त्यावर. ती म्हणायची, माझे हात ओले आहेत. कधी म्हणायची, डोळ्यात कांदा गेलाय. स्वयंपाकाला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागायचा. आजारातून उठली आहे, दमत असेल, असं अण्णा म्हणायचे आणि तिला मध्ये विश्रांती घ्यायला सांगायचे. एकदा चहा खारट झाला. आई इतकी शरमली की तिनं तो आम्हाला पिऊच दिला नाही, आमच्या हातातून कप काढून घेतले.

पंधरा-वीस दिवसांनी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले. दारात मासळीची टोपली होती. सातपाटीची एक मावशी आठवड्यातून दोनदा आमच्या भागात यायची. आम्ही घाटावरची माणसं. मासे साफ करायला आईला तिनंच शिकवलं होतं, आणि जाताना आमच्याकडं पाणी प्यायला ती टेकायची. आत गेले तर स्वयंपाकघरात बावीसच्या बावीस डबे जमिनीवर मांडलेले, झाकणं उघडी, आणि मधोमध आई. तिच्या मांडीवर जुन्या साड्यांचे काठ फाडून केलेल्या चिंध्या होत्या. मावशी एकेक डबा तिच्यापुढं सरकवत होती आणि आई डब्यातलं चिमूटभर तोंडात टाकून किंवा वास घेऊन त्याच्या कडीला चिंधी बांधत होती. मिरचीला लाल, हळदीला पिवळी. साखरेच्या कडीला तिनं दोन गाठी मारल्या होत्या.

"हे काय करतेस?" मी म्हणाले. "सगळ्यावर नावं आहेत ना."

आईचे हात थांबले. तिनं मान वर केली नाही. मावशीनं मला एकदा नीट बघून घेतलं. मग ती आईलाच म्हणाली, पण ऐकवलं मला:

"मला बी नाय येत वाचाया, बाय. आमी मासा हातानं वलखतो. त्याच्यावर कोन नाव लिवतं?"

आईला वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. रेशनच्या दुकानात अंगठा उठवताना मी तिला पाहिलं होतं. बसचा फलक ती कुणालातरी विचारायची. माझ्या प्रगतिपुस्तकावर अण्णाच सही करायचे. पण हे सगळं मला इतकं सवयीचं झालं होतं की चार संध्याकाळ लाल रंग घेऊन बसले, एकेका वेलांटीवर जीव टाकला, आणि हे वाचणार कोण, हे एकदाही मनात आलं नाही.

मी तिच्याजवळ बसले. मला माफ कर असं म्हणायचं होतं, पण ते शब्द आमच्या घरात कुणी वापरायचं नाही. मी एक चिंधी उचलली आणि ही कशाला बांधू विचारलं. आईनं डोळे पुसले आणि मेथीचा डबा पुढं केला.

"यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "लई मन लावून केलंय त्यांनी."

मी नाही सांगितलं. पण अण्णांच्या नजरेतून चिंध्या सुटणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाणी पिताना त्यांनी कपाट उघडं बघितलं, एक चिंधी बोटात धरली आणि हे काय म्हणून मला विचारलं. आई नळावर गेली होती. मी सांगून टाकलं. ते ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले की लग्नानंतर दोन वर्षं ते एकटे इथं होते, तेव्हा दर आठवड्याला तिला पत्र लिहायचे, आणि त्यात मनातलं काहीच लिहिता यायचं नाही, कारण ते तिचा भाऊ मोठ्यानं वाचून दाखवणार. "ते सगळं माहीत असून मी विसरलो बघ," ते म्हणाले. आई घागर घेऊन आली तसे ते उठले आणि तिच्या कमरेवरची घागर त्यांनी उतरवून घेतली. एरवी ते असं कधी करत नसत.

त्या रविवारी त्यांनी पुन्हा शेगडी पेटवली. कारखान्यातून तांब्याची तार, नटाखाली बसणारे लहान-मोठे वायसर, पितळेच्या चार टिकल्या असं काहीबाही मागून आणलं होतं. सगळे डबे व्हरांड्यात आणले आणि आईला समोर बसायला सांगितलं.

"मिठाला काय लावू, सांग."

आई आधी लाजली. आहे तेच चांगलं आहे म्हणाली, चिंध्या बांधल्यात की. अण्णा म्हणाले, चिंध्या तेलकट होतील, चार महिन्यांत सगळ्या एका रंगाच्या दिसतील. तू सांग. मग तिनं सांगितलं. मिठाला एक वायसर, साखरेला दोन, म्हणजे अंगठ्याला कळेल. चहाला तारेचं वेटोळं. डाळींच्या डब्यांवर आतून ठोकून उठवलेले ठिपके: तुरीला एक, मुगाला दोन, मसुरीला तीन. तिखटाच्या डब्यावर एक लहानसं टोक काढा, हात लागला की सावध होईल असं. अण्णांनी टोक काढलं, त्यावरून मनगट फिरवलं आणि ते थोडं बोथट केलं.

दुपारनंतर डबे आत लावायची वेळ आली. अण्णा धान्याचे डबे डावीकडं ठेवू लागले तर आई म्हणाली, असं नको. मोहरी, जिरं, हिंग, हळद एकाच ठिकाणी, खालच्या फळीवर, पुढं. कारण तेल तापलं की चारही एका दमात लागतात, चौथ्यापर्यंत मोहरी जळायला नको. तांदूळ आणि तूर शेजारी, कारण सकाळी दोन्ही एकदम धुवायला घेते. रवा वरच चालेल, तो रविवारचा. बाजरीचं पीठ खाली, जड आहे, आता उचलवत नाही. चहा-साखर दाराच्या या बाजूला, म्हणजे कुणी आलं तर स्वयंपाक न थांबवता हिला काढता येईल. ती सांगत गेली आणि अण्णा एकेक डबा हलवत गेले. काही डबे नव्या जागी बसेनात, मग तिला मागं-पुढं करावं लागलं. तेही ती लगेच सुचवायची. मी तिला एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

अण्णा हातातला डबा तसाच धरून म्हणाले, "हे सगळं तुझ्या डोक्यात होतं होय?"

"होतंच की. कुणी विचारलं नव्हतं."

ती रागानं बोलली नाही. मिरच्यांचा भाव सांगावा तसं बोलली. अण्णांनी हातातला डबा तिच्यापुढं धरला आणि हा कुठं ते विचारलं.

नावं पुसून टाकू का, असं मी विचारलं. आई म्हणाली, कशाला, राहू दे, छान दिसतात. मी तिला अक्षरं शिकवायचा घाट घातला, पाटी आणली, पण पाटीवर तिचं मन लागेना. दोन-तीन दिवसांत तिनं ती बाजूला सारली. शिकली ती आपल्या पद्धतीनं. हात दोन वायसरांवर असायचा आणि डोळे त्याखालच्या लाल अक्षरांवर. रोज, कितीतरी वेळा, कुणी न सांगता. मला ते कळलं दीड-दोन वर्षांनी. रेशनच्या दुकानाबाहेर आम्ही रांगेत होतो, फळ्यावर खडूनं काहीतरी लिहिलं होतं, आणि आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "साखर आली नाही वाटतं." मी फळा वाचला. साखर नाही, असंच लिहिलं होतं. मी तिच्याकडं बघितलं तर ती समोर बघत होती, पदर नीट करत.

पुढं नव्वदनंतर अण्णांनी पालघरला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. त्याचं स्वयंपाकघर चौकोनी, सरळ भिंतींचं. उताराचे डबे तिथं कुठंच बसेनात. आईनं त्यातले मोठे दोन मावशीला सुक्या बोंबलांसाठी दिले, बाकीचे काही शेजारी, काही माझ्याकडं आले. नव्या कपाटासाठी सुतार बोलावला. त्यानं पट्टी उलगडून अण्णांना विचारलं, काका, कप्पे कसे पाडायचे? अण्णांच्याही खिशात पट्टी होती. ते म्हणाले, मापं मी देतो, पण कुठं काय ते त्यांना विचारा.

आई ओट्याशी उभी राहून सांगू लागली. सुतार मान डोलवत होता, आणि काही राहायला नको म्हणून अण्णा खाली बसून एका कागदावर उतरवून घेत होते. सांगून झाल्यावर तिनं हात पुढं करून त्यांच्याकडून कागद मागून घेतला, खिडकीपाशी नेला आणि ओठ हलवत, बोट फिरवत वरून खालपर्यंत वाचला. सुतार थांबला होता. अण्णाही थांबले होते. कुणी घाई केली नाही.

"गूळ लिहायचा राहिला," आई म्हणाली, आणि कागद त्यांना परत दिला.